रायझन ५ २६०० गेमिंगला अजून पुरतो का, की आता बदलायलाच हवा?

ढगफुटी

लोकहो, सल्ला हवाय. माझ्याकडे रायझन ५ २६०० प्रोसेसर आहे, बी४५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम (८-८ च्या दोन स्टिक) आणि मॉनिटर १०८०पी १४४ हर्ट्झचा. आत्तापर्यंत ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०६० होतं, ६ जीबीवालं, ते काढून नुकतंच आरएक्स ६७०० एक्सटी लावलंय.

आता गंमत अशी झालीये की काही गेम्समध्ये सरळ दुप्पट फरक पडला, सगळं अल्ट्रावर टाकूनही एकदम मस्त चालतंय, आणि काही गेम्समध्ये मात्र कार्ड बदललंय की नाही असं वाटावं इतकं जैसे थे आहे. बाल्डर्स गेट ३ मध्ये तिसऱ्या अंकात शहरात शिरलो की ४०-४५ एफपीएस (सेकंदाला फ्रेम), गर्दीत गेलो की पार ३०-३२, आणि जुन्या कार्डावरही तिथे साधारण एवढेच यायचे. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये सरासरी आकडा चांगला दिसतो पण स्मोक पडले, तीन-चार जण एकदम आले की नेमकं तेव्हाच अडखळतं.

टास्क मॅनेजर उघडून बघतो तर सीपीयू ५० टक्क्यांच्या वर जातच नाही. म्हणजे अर्धा प्रोसेसर रिकामा बसलाय ना? मग अडतंय कुठे तेच कळेना. मित्र म्हणतो २६०० हा २०१८ चा माल, तो संपला, अख्खी मशीन बदल. मला बोर्ड, रॅम सगळंच टाकून द्यायचं अजिबात मनात नाहीये. खरंच संपलाय का तो, की काही करून अजून थोडी वर्षं निघतील?

पिक्सेलवेडी

६० एफपीएसवर समाधानी असशील तर बहुतेक गेम्सना अजून पुरतो, १४४ हवे असतील तर नाही पुरत. माझ्या भावाकडे हाच प्रोसेसर आहे, तो एल्डन रिंग खेळतो, त्यात तशीही ६० ची मर्यादा गेमनेच घातलीये त्यामुळे त्याची काही तक्रार नाही. आधी तुला कुठला आकडा हवाय ते ठरव, नुसतं पुरतो का विचारलं तर उत्तर कोणीच देऊ शकत नाही.

फ्रेमटाइम

वरचं बरोबर आहे पण जरा सविस्तर सांगतो, कारण टास्क मॅनेजरच्या त्या ५० टक्क्यांनी भल्याभल्यांची दिशाभूल होते.

२६०० ला ६ कोर आणि १२ थ्रेड (एका वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत. टास्क मॅनेजर जो आकडा दाखवतो तो बारा थ्रेडची सरासरी असते. एक थ्रेड पूर्ण १०० टक्के भरला आणि बाकीचे मोकळे बसले तर तिथे ८ टक्क्यांच्या आसपास दिसेल. आणि गेममध्ये नेमकं हेच होतं, बहुतेक गेम्समध्ये एक मुख्य थ्रेड असतो जो कोण कुठे आहे, कोणी काय दाबलं, काय कशावर आदळलं हे ठरवतो, आणि त्यानंतर काय काय काढायचं त्याचे ड्रॉ कॉल कार्डाकडे पाठवले जातात. हे काम मनाला येईल तसं बारा तुकड्यांत वाटता येत नाही कारण पुढची पायरी मागच्या पायरीवर अवलंबून असते. त्यामुळे पाच कोर मोकळे असले तरी तो एक थ्रेड जेवढा पळेल तेवढाच गेम पळतो. विटा देणारा गडी एकच असेल तर वर दहा गवंडी ठेवून भिंत लवकर उभी राहत नाही, तुझं नवीन कार्ड म्हणजे ते दहा गवंडी.

आता हिशोब बघ. ६० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ म्हणजे जेमतेम ६.९. तुझ्या प्रोसेसरला त्या शहरात एक फ्रेम तयार करायला २२-२५ मिलिसेकंद लागतायत, मग कार्ड जगातलं सगळ्यात भारी लावलं तरी ४०-४५ च्या वर आकडा जाणारच नाही. प्रोसेसरची ही मर्यादा रिझोल्यूशनवर जवळपास अवलंबून नसते, ती गेमवर आणि गेममधल्या जागेवर अवलंबून असते. म्हणून तर एकाच मशीनवर एका गेममध्ये दुप्पट फरक आणि दुसऱ्यात काहीच नाही.

पण हे माझं ऐकून मान्य करू नकोस, मोजून बघ. आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबतचं रिव्हाट्यूनर ही मोजणारी सॉफ्टवेअर टाक, स्क्रीनवर जीपीयूचा (कार्डाचा) वापर, प्रत्येक थ्रेडचा वेगळा वापर आणि फ्रेमटाइमचा ग्राफ लाव. एकाच सेव्हवरून एकाच जागी उभा राहा. एफएसआर (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून दाखवणं) वगैरे सगळं बंद कर आणि १०८०पी वर आकडा बघ, मग ७२०पी कर. एफपीएस वाढले तर अडचण कार्डाची होती, तसेच राहिले तर प्रोसेसरची (किंवा रॅमची, त्यावर नंतर बोलू). जीपीयूचा वापर ९५ च्या वर असेल तर कार्ड पूर्ण काम करतंय, ६०-७० वर लोळत असेल तर ते प्रोसेसरची वाट बघत बसलंय.

आणि सरासरी एफपीएस सोडून दे, १ टक्का लो (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा एफपीएस) बघ. काउंटर-स्ट्राइकमध्ये तुला जे अडखळणं जाणवतंय ते सरासरीत दिसतच नाही.

ढगफुटी

@फ्रेमटाइम खूप आभार, असं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. मोजलं. बाल्डर्स गेटमध्ये शहरात १०८०पी अल्ट्राला ४३, जीपीयू ५५-६० टक्के. ७२०पी केलं तर ४४. म्हणजे काहीच फरक नाही. काउंटर-स्ट्राइकमध्ये सरासरी १५० च्या आसपास पण १ टक्का लो ६५. रॅम ३००० ची आहे आणि एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग) चालूच आहे, स्टिकही बरोबर एक सोडून एक स्लॉटमध्ये आहेत, ते मशीन जोडतानाच नीट बघितलं होतं. तापमान ७० च्या आत.

म्हणजे निकाल प्रोसेसरच्या विरोधात लागला म्हणायचा. पण एक कळत नाही, हाच २६०० तीन-चार वर्षांपूर्वी सगळं आरामात खेचायचा, तेव्हा तर कधी हा प्रश्न आला नव्हता. प्रोसेसर काही म्हातारा होऊन हळू होत नाही ना?

कॅशवाला

प्रोसेसर हळू होत नाही (कूलरखालची पेस्ट सुकून तापायला लागला तर घड्याळ म्हणजे कामाचा वेग खाली येतो, पण तुझं तापमान ठीक आहे), गेम्स पुढे गेलेत. आणि ते का गेले याचं कारण बघायचं तर कन्सोलकडे बघायला लागतं.

प्लेस्टेशन ४ आलं २०१३ मध्ये. त्याच्यात एएमडीचे जॅग्वार जातीचे ८ कोर होते, १.६ गिगाहर्ट्झवर, म्हणजे मुळात कमी वीज खाणाऱ्या स्वस्त मशीनसाठी बनवलेले कोर. जवळजवळ अख्खं दशक मोठे गेम्स त्या कोरवर चालतील असेच लिहिले गेले. त्यांच्यापुढे २६०० काय, त्याच्याही आधीचे चार कोरवाले प्रोसेसर पण दांडगे होते, त्यामुळे त्या काळात प्रोसेसर कोणताही असू दे, पैसे कार्डात घाला हा सल्ला अगदी बरोबर होता. मग नोव्हेंबर २०२० ला प्लेस्टेशन ५ आलं, त्यात एएमडीच्या झेन २ पिढीचे ८ कोर, ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत. पहिली दोन-अडीच वर्षं गेम्स जुन्या-नव्या दोन्ही कन्सोलसाठी निघत राहिले म्हणून कोणाला काही जाणवलं नाही. २०२३ पासून फक्त नव्या पिढीचे गेम्स यायला लागले आणि तिथे पहिल्या पिढ्यांचे रायझन उघडे पडले. कारण उघड आहे, कन्सोलवर जो गेम झेन २ चे कोर वापरून ३० किंवा ६० एफपीएस देतो, तोच गेम तू त्याआधीच्या झेन+ पिढीच्या सहा कोरवर १४४ ला पळव म्हणतोयस.

ड्रॅगन्स डॉग्मा २ आठवतंय का, मार्च २०२४. शहरात शिरलं की भल्याभल्या मशीन बसायच्या. कॅपकॉमने स्वतःच सांगितलं होतं की प्रत्येक पात्रामागे बरीच सीपीयूची ताकद खर्च होते. तुझ्या बाल्डर्स गेटच्या शहराचं पण तेच, सगळी माणसं, त्यांच्या हालचाली, कोणाला काय दिसतंय, हा सगळा प्रोसेसरचा धंदा आहे.

सायबरपंक २०७७ च्या अधिकृत यादीत आता किमान म्हणून रायझन ५ १६०० आहे आणि रेकमेंडेड म्हणून ७८००एक्स३डी. बॅटलफील्ड ६ च्या किमान यादीत तर तुझाच २६०० आहे, रेकमेंडेडला ३७००एक्स. म्हणजे कंपन्यांच्या लेखी तो अजून दारात उभा आहे, फक्त शेवटच्या पायरीवर.

आता २६०० मध्ये कमी काय आहे ते पण सांगतो कारण पुढचा निर्णय त्यावर आहे. त्याचे सहा कोर एका गटात नाहीत, ३-३ चे दोन गट आहेत आणि प्रत्येक गटाला स्वतःची ८ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधलीच छोटी, वेगवान मेमरी). एका गटातल्या कोरला दुसऱ्या गटाकडची माहिती लागली की मधल्या इन्फिनिटी फॅब्रिकवरून जायला लागतं, आणि त्या फॅब्रिकचा वेग रॅमच्या वेगाला बांधलेला असतो. गेम्सना ही ये-जा अजिबात मानवत नाही, गेमला छोटी छोटी माहिती पटापट हाताशी लागते. झेन ३ मध्ये, म्हणजे ५००० मालिकेत, एएमडीने हे दोन गट एक करून टाकले, सगळे कोर एकत्र आणि ३२ एमबी कॅश सगळ्यांना मिळून. गेमिंगमध्ये जो मोठा फरक पडला त्यात याचा वाटा फार मोठा आहे.

जुनंतेसोनं

मध्येच घुसतोय, माफ करा. माझ्याकडे आय७-४७९० आहे, १६ जीबी डीडीआर३. वरचं वाचून धडकी भरली. २६०० ची ही अवस्था तर माझं काय? मी जीटीए ५, विचर ३, जुने फार क्राय असलं खेळतो मुख्यतः, ६० हर्ट्झ मॉनिटर. नवीन कार्ड घ्यावं असं मनात आहे.

फ्रेमटाइम

@जुनंतेसोनं तू जे गेम्स सांगितलेस त्यांच्यासाठी घाबरायचं काही कारण नाही. ४७९० ला ४ कोर ८ थ्रेड, टर्बो ४ गिगाहर्ट्झ, आणि हे सगळे जॅग्वारच्या काळातले गेम्स, ६० हर्ट्झला बिनधास्त खेळ. हॅसवेल पिढीचा असल्यामुळे एव्हीएक्स२ (प्रोसेसरच्या सूचनांचा एक संच) पण आहे, त्याच्या आधीच्या इंटेलच्याच आय७-२६००के किंवा ३७७० वाल्यांकडे ते नाही आणि काही नवे गेम्स त्याच्याशिवाय सुरूच होत नाहीत, तिथे एफपीएसचा प्रश्नच येत नाही.

पण कार्ड घेताना तीन गोष्टी बघ. एक, तुझा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३ चा आहे, म्हणून फक्त चार लेन (माहिती ये-जा करायच्या वाटा) वापरणारी कार्डं, जसं आरएक्स ६५०० एक्सटी, घेऊ नकोस, ३ च्या स्लॉटमध्ये त्यांचा दम निघतो. आठ लेनवाली चालून जातात. दोन, इंटेलची आर्क कार्डं तुझ्यासाठी नाहीत, त्यांना रिसायझेबल बार (कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि त्यातली बी५८० तर २०२५ च्या सुरुवातीला लोकांनी तपासली तेव्हा रायझन ५ ३६०० सारख्या प्रोसेसरवर पण बरीच मागे पडलेली दिसली, कारण त्यांच्या ड्रायव्हरचं ओझं प्रोसेसरवर जास्त येतं. तीन, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, विंडोज. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या ८ व्या पिढीपासून आणि रायझन २००० पासून पुढे, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ऑनलाइन शूटर आता टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (मशीनच्या सुरक्षेच्या सोयी) मागायला लागलेत, बॅटलफील्ड ६ मागतो, विंडोज ११ वर व्हॅलोरंट मागतो. म्हणजे प्रोसेसरमध्ये ताकद शिल्लक असून पण दार बंद व्हायची वेळ येते. सिंगल प्लेयर खेळत असशील तर हा त्रास नाही. आणि जे कार्ड घेशील ते पुढच्या मशीनमध्ये पण जाईल असं बघून घे, कारण तुझ्या बोर्डाच्या एलजीए ११५० सॉकेटवर तुला याच्या पुढे जायला फारशी जागा नाही.

पिक्सेलवेडी

@ढगफुटी लगेच काही बदलायचं नसेल तर सेटिंगमध्ये बरंच काही करता येतं, फक्त चुकीच्या जागी कमी करू नकोस. लोक एफपीएस कमी आले की आधी टेक्स्चर खाली आणतात, त्याचा प्रोसेसरशी काही संबंध नाही, तुझ्या कार्डावर १२ जीबी मेमरी आहे, टेक्स्चर वरच राहू दे. कमी करायचं ते गर्दीची घनता, लांबवरचं दिसण्याचं अंतर, सावल्यांचं अंतर, आणि रे ट्रेसिंग बंदच ठेव, त्याचं जे मागचं गणित असतं ते प्रोसेसरवर पण येतं. एफएसआर लावून तर तुला काहीच मिळणार नाही, ते कार्डाचं ओझं कमी करतं आणि तुझं कार्ड आधीच रिकामं बसलंय.

फ्रेम जनरेशन मात्र वेगळं आहे. मधल्या फ्रेम कार्ड स्वतः बनवतं, प्रोसेसरला त्यासाठी गेमचं गणित परत करावं लागत नाही, त्यामुळे प्रोसेसर अडलेल्या ठिकाणी पण आकडा वाढतो. तुझ्या कार्डावर ड्रायव्हरमधूनच एएफएमएफ (एएमडीचं फ्रेम जनरेशन) चालू करता येईल. बाल्डर्स गेटसारख्या डावाडावाच्या गेमला ठीक आहे. काउंटर-स्ट्राइकला चुकूनही लावू नकोस, माऊसचा प्रतिसाद मूळ फ्रेमवरच चालतो, उलट थोडा उशीरच वाढतो.

आणि एफपीएसला कॅप घाल. ४५ ते ९० असं वरखाली नाचण्यापेक्षा सलग ६० डोळ्याला कितीतरी बरं वाटतं.

ढगफुटी

गर्दी कमी केली, सावल्या मध्यमवर आणल्या, तर शहरात ५०-५२ पर्यंत आलं. बरंच बरं. पण काउंटर-स्ट्राइकचं दुखणं तसंच आहे आणि मी रोज तोच खेळतो, त्यामुळे आता प्रोसेसर बदलायचंच ठरवतोय. बी४५० वरच राहायचं. रायझन ५ ५६०० घेऊ की ५७००एक्स३डी / ५८००एक्स३डी बघू?

कॅशवाला

एक्स३डी. मिळाला तर डोळे झाकून. ९६ एमबी एल३ कॅश आहे त्यात, तुझ्या आत्ताच्या एकूण १६ समोर, आणि गेमला जे हवं असतं ते नेमकं हेच. रॅमकडे जायची वेळच कमी येते, त्यामुळे तुझी ३००० ची रॅम पण चालून जाईल. १ टक्का लो जे वर येतात ना ते बघण्यासारखं असतं.

फ्रेमटाइम

मी इथे थोडा वेगळं म्हणेन. १०८०पी आणि ६७०० एक्सटीला ५६०० पुरेसा आहे. एएमडीचाच दावा घेतला तर झेन २ ला घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यामागे १५ टक्के आणि झेन ३ ला त्यावर आणखी १९ टक्के सुधारणा, वरून बूस्ट (कमाल वेग) ३.९ चा ४.४ गिगाहर्ट्झ झाला, सगळं गुणलं तर कागदावर दीडपट होतं. प्रत्यक्षात गेमगणिक कमीजास्त होईल पण तुझा ६५ चा लो चांगला वर येईल यात मला शंका नाही. शिवाय ५६०० ६५ वॉटचा आहे आणि सोबत कूलर येतो. एक्स३डी १०५ वॉटचे, कूलर सोबत नाही, आणि तुझ्या २६०० सोबत आलेला छोटा कूलर त्याला अजिबात पुरणार नाही, म्हणजे तो खर्च वेगळा. पुढे कार्ड अजून मोठं घेणार असशील आणि हाच बोर्ड बरीच वर्षं ठेवणार असशील तर कॅशवाल्याचं बरोबर आहे.

कॅशवाला

काउंटर-स्ट्राइक रोज खेळतो म्हणतोय म्हणून म्हटलं. त्या गेममध्ये कार्ड कधीच आधी संपत नाही, प्रोसेसरच संपतो. पण कूलरचं फ्रेमटाइम बोलला ते खरं आहे, ते धरूनच विचार कर.

ढगफुटी

५६०० घेतोय. १४४ हर्ट्झच्या पुढे मॉनिटर जात नाही आणि कार्ड एवढ्यात बदलणार नाही. आता बायोसचं (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरचं) सांगा, बोर्डावर अजून जुनंच आहे. प्रोसेसर आधी लावायचा की बायोस आधी?

फ्रेमटाइम

बायोस आधी, जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. उलटं केलंस तर स्क्रीन काळीच राहील. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर तुझ्या नेमक्या मॉडेलचं पान काढ, बोर्डाची आवृत्ती पण जुळव, आणि प्रोसेसर सपोर्टच्या यादीत ५६०० समोर कुठलं बायोस लिहिलंय ते बघ. खाली लिहिलेल्या सूचना पूर्ण वाच, काही बोर्डांवर आधी मधलं एक बायोस टाकायला लागतं, आणि काहींवर नव्या बायोसमध्ये जुन्या प्रोसेसरचा सपोर्ट काढलेला असतो, तसं असेल तर परतीचा रस्ता नाही हे धरून चाल. ज्यात एजेसा (बायोसमधला एएमडीचा भाग) १.२.०.७ किंवा त्याच्या पुढचं आहे असं बायोस घे, एफटीपीएममुळे (प्रोसेसरमधल्याच टीपीएममुळे) मध्येच क्षणभर अडकायची जी जुनी तक्रार होती ती एएमडीने त्यात दुरुस्त केली.

हात लावायच्या आधी विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलपात ठेवणारी सोय) चालू आहे का बघ. असेल तर रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेव आणि बिटलॉकर तात्पुरता थांबव, कारण नवीन प्रोसेसर लावला की पहिल्या वेळी एफटीपीएम रीसेट करू का असं विचारतं आणि ती रिकव्हरी की नसेल तर सगळा डेटा कुलपात जातो. बायोस टाकल्यावर सगळी सेटिंग मूळ जागी जातात, म्हणून एक्सएमपी परत चालू कर.

पिक्सेलवेडी

आणि कूलर सरळ वर ओढू नकोस. एएम४ च्या प्रोसेसरला खाली पिना असतात आणि पेस्ट सुकली असेल तर कूलरसोबत प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. आधी अर्धा तास गेम चालू ठेव म्हणजे पेस्ट गरम होऊन मऊ पडेल, मग मशीन बंद करून प्लग काढ, स्क्रू सोडव आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवत मोकळा कर. सुटला की मगच उचल.